आयर्लंडला येताय, तर शिन फेनबद्दल एवढं माहीत असू द्या

तुमचा मोठा मेसेज सावकाश वाचला. नाशिकची नोकरी सोडून डब्लिनच्या कंपनीची ऑफर घ्यायची, पत्नीची नर्सिंगची नोंदणी इकडे सुरू आहे, मुलगी सहा वर्षांची आणि तेवढ्यात सासऱ्यांनी कुठेतरी वाचलं की आयर्लंडमध्ये 'बॉम्बवाल्यांचा पक्ष' सत्तेवर येतोय. म्हणून तुम्ही विचारलंत, की शिन फेन म्हणजे नक्की कोण, ते सत्तेत आले तर आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं काय, ते घरं स्वस्त करणार म्हणतात तर घर घ्यायला तोवर थांबावं का, आणि शनिवार-रविवार बेलफास्टला जाता येईल का. व्हिसा, शाळा, बँक यांवर सांगणारे पुष्कळ भेटतील. इथल्या राजकारणाबद्दल येण्याआधी सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. घरभाडं इतकं का, आणि शेजारचा भला माणूस मधेच इतका का चिडतो, हे या एका पक्षाची कहाणी कळल्याशिवाय समजत नाही.

आधी सासऱ्यांची काळजी मिटवू. दक्षिणेत, म्हणजे तुम्ही येणार त्या प्रजासत्ताक आयर्लंडमध्ये, शिन फेन आज सत्तेत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत डॉलमध्ये (इथली लोकसभा म्हणा) १७४ पैकी ३९ जागा त्यांना मिळाल्या आणि ते मुख्य विरोधी पक्ष आहेत. सरकार फिअना फॉल, फिना गेल आणि काही अपक्षांचं आहे. मिहॉल मार्टिन जानेवारी २०२५ मध्ये टीशक, म्हणजे पंतप्रधान झाले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र, जो भाग ब्रिटनकडे आहे तिथे, शिन फेनच्या मिशेल ओ'नील ३ फेब्रुवारी २०२४ पासून फर्स्ट मिनिस्टर आहेत. तिथे कायद्यानेच दोन्ही बाजूंनी मिळून सरकार चालवायचं असतं, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर ब्रिटनशी निष्ठा असलेल्या युनियनिस्ट पक्षाच्या डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर बसतात आणि दोघींचे अधिकार सारखे असतात. सासऱ्यांच्या बातमीत तथ्य आहे ते एवढंच.

आता हा पक्ष कुठून आला ते सांगते.

१९०५ साली आर्थर ग्रिफिथ नावाच्या पत्रकाराने डब्लिनमध्ये याची सुरुवात केली. आपल्याकडे बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली ते हेच वर्ष. ग्रिफिथचं म्हणणंही तसंच होतं. लंडनच्या संसदेत जाऊन अर्ज-विनंत्या करायच्या नाहीत, आपली सभा आपल्या भूमीवर भरवायची, आपला माल वापरायचा. गंमत म्हणजे तो स्वतः तेव्हा प्रजासत्ताकवादी नव्हता. ऑस्ट्रिया-हंगेरीसारखं एक राजा आणि दोन राज्यं चालतील, असं त्याला वाटे. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ईस्टरचा सशस्त्र उठाव झाला. त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली, आणि 'होमरूल' हा शब्द आपण आयर्लंडकडूनच घेतला होता. उठाव शिन फेनने घडवला नव्हता, पण इंग्रजांनी त्यावर शिन फेनचा शिक्का मारला. मे महिन्यात पंधरा जणांना गोळ्या घातल्या आणि लोकमत उलटलं. तुम्ही रोज ऑफिसला जाताना ज्या स्टेशनांवर उतराल, त्या कॉनली, पिअर्स आणि ह्यूस्टन या तिन्ही स्टेशनांची नावं त्या गोळ्या खाल्लेल्या माणसांची आहेत. इथे इतिहास पुस्तकात राहिलेला नाही, गाडीच्या उद्घोषणेत रोज ऐकू येतो.

१९१८ च्या निवडणुकीत शिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. निवडून आलेले लंडनला गेले नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये त्यांनी स्वतःची डॉल भरवली. पुढे ब्रिटनशी लढाई झाली, डिसेंबर १९२१ मध्ये करार झाला (पूर्ण प्रजासत्ताक नव्हे, ब्रिटिश राजाखालचं स्वराज्य), आणि त्या करारावरून पक्ष दुभंगला. डॉलने करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर केला. वर्षभरापूर्वी खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. वाटणीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि मग तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तशी ती भाऊबंदकी शंभर वर्षं पुरली.

हे तुम्हाला सांगते कारण आजचे तिन्ही मोठे पक्ष त्याच एका घरातले आहेत. करार मान्य करणाऱ्यांच्या वंशातून फिना गेल आला. करार नाकारणाऱ्यांतले डी व्हॅलेरा १९२६ मध्ये बाहेर पडले, कारण डॉलवर कायमचा बहिष्कार घालून काही साधत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी फिअना फॉल काढला आणि १९३२ मध्ये सत्ता मिळवली. तो पक्ष आजही स्वतःच्या नावाखाली 'रिपब्लिकन पक्ष' असं लिहितो. मागे उरलेल्या शिन फेनला १९२७ च्या जूनमध्ये पाच जागा मिळाल्या, आणि मग तीस वर्षं नाव घ्यावं असं काही घडलं नाही. ७३ वरून पाचवर. आपल्या माणसांसाठी यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : २०१७ मध्ये टीशक झालेले लिओ वराडकर फिना गेलचे. त्यांचे वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनच्या नर्स. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते वराडला जाऊनही आले. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण शिन फेनची लाट कशी होती हे त्यांच्याच मतदारसंघात सगळ्यात स्पष्ट दिसलं.

सासऱ्यांना भीती वाटते ती पुढच्या तीस वर्षांची, आणि ती भीती खोटी नाही. ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडशी एक व्हायचं, यावरून १९६९ नंतर उत्तरेत पेटलेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेली. आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) त्यातली सर्वांत मोठी मारेकरी संघटना होती, आणि शिन फेन तिचा राजकीय हात. यात रंग लावून सांगण्यासारखं काही नाही. इथे पन्नाशी-साठीच्या पुष्कळ लोकांच्या मनातून ते गेलेलं नाही, विशेषतः सीमेलगतच्या परगण्यांतल्या. तुमच्या ऑफिसात असा कुणी असेल तर त्याच्यासमोर शिन फेनची सहज स्तुती करू नका, आणि निंदाही करू नका. आधी ऐकून घ्या.

१९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात बॉबी सँड्ससह दहा जण मेले. सँड्स उपोषण चालू असताना ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ६६ व्या दिवशी गेला. त्या मतांनी शिन फेनच्या नेत्यांना एक गोष्ट दाखवली, की बंदुकीला मिळत नाही ते मतपेटीत मिळू शकतं. १९८३ मध्ये जेरी ॲडम्स अध्यक्ष झाले, १९८६ मध्ये पक्षाने डॉलवरचा बहिष्कार सोडला (त्यावरूनही एक गट फुटलाच), १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली, १० एप्रिल १९९८ ला उत्तरेतल्या शांततेचा गुड फ्रायडे करार. २००५ मध्ये आयआरएने सशस्त्र मोहीम संपल्याचं जाहीर केलं. २००७ मध्ये आयआरएचे एकेकाळचे कमांडर मार्टिन मॅकगिनीस आणि कडवे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक इअन पेझली यांनी एकत्र सरकार चालवायला घेतलं. ज्या माणसांनी आयुष्यभर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनी एकाच कचेरीत बसून रस्ते आणि शाळांच्या फायलींवर सह्या केल्या. या बदलाबद्दल मला मनापासून आदर आहे. मेलेल्यांची भरपाई त्याने होत नाही, पण पुढे मरणारे वाचले.

उत्तरेत असं चाललं असताना दक्षिणेत शिन फेन किरकोळच होता. १९९७ मध्ये त्यांचा एकच माणूस डॉलमध्ये बसला, सीमेलगतच्या कॅव्हन-मॉनहनमधून. २००७ मध्ये चार. दक्षिणेतल्या लोकांना संयुक्त आयर्लंड, म्हणजे उत्तर-दक्षिण एक झालेलं, हवं असतं, पण ते सणासुदीला. रोज सकाळी त्यांना भाडं, दवाखाना आणि शाळा दिसते.

मग २००८ ची मंदी आली. मी तेव्हा नुकतीच इथे आले होते. बांधकामाच्या जोरावर फुगलेली अर्थव्यवस्था फुटली, बँका बुडाल्या, २०१० मध्ये सरकारला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. क्रेन होत्या तशा थांबल्या. गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेले. गावोगाव अर्धवट वसाहती उभ्या राहिल्या : खांब, खिडक्यांच्या जागी भोकं, आत वाढलेलं गवत. सत्ताधारी फिअना फॉल २०११ मध्ये २० जागांवर आला आणि शिन फेन १४ वर गेला. २०१६ मध्ये २३. आजचं घरांचं संकट तिथूनच सुरू झालं, कारण घरं बांधणं थांबलं आणि माणसं वाढायची थांबली नाहीत. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ५१ लाखांवर गेली. १८५१ नंतर पहिल्यांदाच ती पन्नास लाखांच्या वर होती.

२०१८ मध्ये ॲडम्स पायउतार झाले आणि मेरी लू मॅकडॉनल्ड आल्या. त्या डब्लिनच्या, शिकलेल्या, बोलायला धारदार, आणि बंदुकीच्या काळाशी त्यांचा व्यक्तिशः संबंध नाही. त्यांच्या शेजारी ओइन ओ ब्रिन, ज्यांनी घर या एकाच विषयाचा पिच्छा पुरवला. तरी २०१९ च्या स्थानिक निवडणुकीत पक्षाच्या जागा १५९ वरून ८१ वर आल्या. एवढा फटका बसल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी बिचकत फक्त ४२ उमेदवार उभे केले. आणि मतं पडली २४.५ टक्के, सगळ्या पक्षांत पहिल्या क्रमांकाची. जागा ३७ मिळाल्या; माणसंच कमी उभी होती, नाहीतर आणखी मिळाल्या असत्या.

त्या निवडणुकीत वराडकर टीशक होते आणि मी त्यांच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात राहत होते, अजूनही राहते. इथली मतपत्रिका आपल्यापेक्षा वेगळी. लांबलचक कागद, प्रत्येक उमेदवाराचा फोटो, पक्षाचं चिन्ह, आणि समोर रिकामी चौकट. शिक्का मारायचा नाही, बटण दाबायचं नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी ठरावीक मतं, पूर्ण झाला की त्या उमेदवाराची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात, शेवटचा बाद झाला की त्याचीही जातात. त्यामुळे मोजणी दोन-तीन दिवस चालते आणि लोक ती क्रिकेटच्या मॅचसारखी ऐकतात. त्या दिवशी डब्लिन वेस्टमध्ये पहिल्या फेरीतच शिन फेनचे पॉल डॉनली कोटा ओलांडून निवडून आले, आणि पदावर असलेले टीशक पाचव्या फेरीपर्यंत थांबले. माझ्या ओळखीचे जे तरुण डॉनलींना मत देऊन आले होते, त्यांतल्या एकानेही मला संयुक्त आयर्लंडबद्दल काही सांगितलं नाही. सगळे भाड्याबद्दल बोलत होते.

निकालानंतर फिअना फॉल आणि फिना गेल, ती शंभर वर्षांची भाऊबंदकी, ग्रीन पक्षाला घेऊन पहिल्यांदाच एकत्र आली आणि शिन फेन बाहेर राहिला. बाहेर राहून तो वाढतच गेला. २०२२ मध्ये जनमत चाचण्यांत तो ३५ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच वर्षी उत्तरेच्या विधानसभेत २७ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला. युनियनिस्टांसाठी बनवलेल्या राज्यात हे पहिल्यांदा घडलं. मेरी लू टीशक होणार, हे डब्लिनमध्ये सगळे धरून चालले होते.

आणि इथून खाली घसरण सुरू झाली. तिचं कारण तुमच्याशी थेट जोडलेलं आहे, म्हणून यावर जरा थांबते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या ईस्ट वॉल भागात एका रिकाम्या इमारतीत आश्रितांना, म्हणजे आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना, ठेवलं आणि रस्त्यावर निदर्शनं सुरू झाली. 'आयर्लंड भरलं' अशा पाट्या दिसू लागल्या. २३ नोव्हेंबर २०२३ ला पार्नेल स्क्वेअरजवळ एका शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला, आणि संध्याकाळी मध्यवस्तीत दंगल झाली. बस आणि ट्राम जळाल्या. पार्नेल स्क्वेअरमध्येच शिन फेनचं मुख्य कार्यालय आहे आणि तो मेरी लूंचा स्वतःचा मतदारसंघ. निदर्शनांमध्ये 'शिन फेन गद्दार' अशा घोषणा होऊ लागल्या. म्हणजे बघा, पक्षाचे दोन मतदार होते. एक, भाड्याच्या घरात अडकलेला शिकलेला तरुण, ज्याला परदेशी माणसांचं वावडं नाही. दुसरा, जुन्या कामगार वस्तीतला, ज्याच्या मुलाला कौन्सिलचं (इथल्या पालिकेचं) स्वस्त भाड्याचं घर वर्षानुवर्षं मिळत नाही आणि ज्याला कुणीतरी सांगतंय, की ते घर बाहेरच्याला गेलं. दोघांना एका वाक्यात खूश करता येईना. पक्ष काहीच स्पष्ट बोलत नाही असं दोघांनाही वाटू लागलं. मार्च २०२४ च्या कुटुंबविषयक सार्वमतात पक्षाने 'हो' म्हटलं आणि त्यांच्याच वस्त्यांनी दणकून 'नाही' म्हटलं. जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत मतं १२ टक्क्यांच्या आत आली. दोन वर्षांत ३५ वरून १२.

त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रचारात जे पाहिलं ते सांगते. सहा वाजता अंधार पडलेला, थंडी, आणि शिन फेनचे दोन कार्यकर्ते घरोघर पत्रकं घेऊन फिरत होते. आमचे शेजारी निवृत्त बस ड्रायव्हर, जुने शिन फेनवाले. ते दारात उभे राहून जे बोलले ते माझ्या दारापर्यंत ऐकू येत होतं. मुलगा, सून आणि नात त्यांच्याकडेच राहतात. तिघं वरच्या छोट्या खोलीत, जिथे पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही. मुलगा कमावतो, तरी भाडं परवडत नाही. ते त्या कार्यकर्त्या पोराला विचारत होते, "तुम्ही आमचे का त्यांचे, ते सांगा." मग मला पाहिलं आणि घाईने म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही बोलत मी." ते खरंच माझ्याबद्दल बोलत नव्हते. माझ्या बाळंतपणात त्यांच्या बायकोने मला सूप आणून दिलं आहे. पण ज्या रांगेत त्यांचा मुलगा उभा आहे त्याच रांगेत तुम्ही येऊन उभे राहणार आहात, आणि हे त्यांना दिसतं. तुम्हालाही दिसायला हवं, एवढंच माझं म्हणणं. तो राग तुमच्यावर नाही, तुमच्या जागेवर आहे. घरं बांधली गेली नाहीत हा दोष सरकारांचा. २०२४ मध्ये सरकार चाळीस हजारांच्या गोष्टी करत होतं आणि पूर्ण झाली तीस हजारांच्या थोडी वर.

त्या निवडणुकीत शिन फेनला १९ टक्के मतं आणि ३९ जागा मिळाल्या. मतं २०२० पेक्षा कमी, जागा जास्त. डॉलच १६० वरून १७४ ची झाली होती आणि या वेळी उमेदवार पुरेसे उभे केले होते. जूनमधल्या घसरणीनंतर ते सावरले, पण सत्ता हुकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी स्वतःचा उमेदवार न देता इतर डाव्या पक्षांबरोबर अपक्ष कॅथरीन कॉनली यांना पाठिंबा दिला आणि त्या ६३ टक्के मतांनी जिंकल्या. तेव्हापासून डावे पक्ष एकत्र आले तर पुढचं सरकार शिन फेनचं, असं पुन्हा बोललं जाऊ लागलं.

आता तुमच्यासाठी याचा अर्थ काय.

सत्तेत आले तर वर्क परमिटवर येणाऱ्यांना दार बंद करतील, असं मला वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांनी आश्रितांविषयीचं धोरण काढलं. त्यात कडक बोललेत ते आश्रय-अर्जांच्या व्यवस्थेबद्दल, आणि मुद्दा असा की आश्रितांची केंद्रं आधीच गांजलेल्या वस्त्यांत लादू नयेत. परदेशी नर्सशिवाय इथलं एक रुग्णालय चालणार नाही, हे शिन फेनसह सगळ्या पक्षांना ठाऊक आहे. क्रिटिकल स्किल्स परमिटवर (तुटवडा असलेल्या कौशल्यांसाठीचं वर्क परमिट) तुम्ही आलात तर दोन वर्षांनी स्टॅम्प ४, म्हणजे वेगळ्या परमिटशिवाय काम करण्याचा परवाना, मिळतो आणि नोकरी बदलायला मोकळीक येते; पत्नी जोडीदार म्हणून आली तर तिला वेगळं परमिट न घेता काम करता येतं. ही चौकट फिअना फॉल-फिना गेलची असली तरी ती मोडायची भाषा शिन फेनने केलेली नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र तुम्हाला खरं सांगायलाच हवं. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने निर्घृण मारहाण केली. त्यानंतर आणखी घटना पुढे आल्या, १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी निषेधाचं निवेदन केलं. त्याच टॅलाच्या साउथ डब्लिन कौन्सिलचे महापौर वर्षभरापूर्वीच एक मल्याळी, बेबी पेरेप्पडन, झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. मारणारी पोरं कुठल्या पक्षाची नसतात. पण ज्या वस्त्यांवर शिन फेनचा शब्द चालतो, तिथे त्यांच्या स्थानिक माणसांनी दारोदार हा विषय काढायला हवा. पत्रक काढून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही घर शोधताना संध्याकाळी सातला त्या रस्त्यावरून एकदा चालून बघा, बसथांबा किती लांब आहे ते बघा. काही झालं तर ११२ वर फोन करा आणि गार्डांकडे, म्हणजे पोलिसांकडे, तक्रार नोंदवाच. आपले लोक 'जाऊ दे' म्हणतात, त्यामुळे आकडाच दिसत नाही.

घर घ्यायला थांबायचं का? २०२३ मध्ये मेरी लू म्हणाल्या होत्या की डब्लिनमध्ये घराची सरासरी किंमत तीन लाख युरोवर यायला हवी. भाड्याने राहणाऱ्यांना आशा वाटली, कर्ज काढून घर घेतलेल्यांना धडकी भरली, आणि दुसरा गट मत द्यायला जास्त संख्येने जातो. त्या वाक्याने पक्षाचं नुकसान केलं असं मला वाटतं, जरी ते मनापासून आलेलं होतं. कुठलंही सरकार आलं तरी किंमती तिथवर पाच वर्षांत उतरणार नाहीत. गवंडी, पाण्याची लाइन आणि वीजजोडणी निवडणुकीने तयार होत नाहीत. तेव्हा पक्षाच्या आश्वासनावर हिशेब मांडू नका. सध्या डब्लिनमध्ये दोन बेडरूमच्या साध्या फ्लॅटला महिना २००० युरोच्या वर धरा. पहिलं घर घेणाऱ्याला उत्पन्नाच्या चौपट कर्ज आणि दहा टक्के स्वतःची रक्कम, असा नियम आहे. स्टॅम्प ४ आला की बँका नीट बोलतात. तोवर भाड्याने राहा, करार आरटीबीकडे (भाडेकरारांची सरकारी संस्था) नोंदलेला आहे ना ते तपासा, आणि घर न पाहता आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नका.

मतदानाचं फार कमी लोकांना माहीत असतं. डॉलच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतं, त्यासाठी पाच वर्षांचं वास्तव्य आणि मग भारतीय पासपोर्ट परत करणं आलं; तो निर्णय तुमचा, त्याची घाई नको. पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणारा अठरा वर्षांवरचा कुणीही मत देऊ शकतो, पासपोर्ट कुठलाही असो. पुढची २०२९ मध्ये आहे. पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळाला की ऑनलाइन नाव नोंदवता येतं. कौन्सिलर भागातल्या घरांवर, खेळाच्या मैदानावर, रस्त्याच्या दिव्यावर बोलतो. ज्या वस्तीत भारतीयांची मतं नोंदलेली असतात तिथे तो तुमच्या दाराची घंटाही वाजवतो, मग शिन फेनचा असो वा फिना गेलचा.

राहिलं बेलफास्ट. कॉनली स्टेशनवरून एंटरप्राइझ गाडीने दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं आणि वाटेत ना चौकी ना फाटक. पण फाटक नाही म्हणून परवानगी आहे असं समजू नका. आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना ती सीमा लागू नाही. भारतीय पासपोर्ट आणि आयरिश रेसिडेन्स कार्डवर राहणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा लागतो. गाडीत, बसमध्ये मधूनमधून तपासणी होते आणि विनाव्हिसा सापडलात तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही त्रास होऊ शकतो. व्हिसा काढून मात्र जरूर जा. फॉल्स रोडवर शिन फेनच्या कचेरीच्या भिंतीवर सँड्सचं मोठं चित्र आहे, हसरं. तिथून थोड्या अंतरावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधली उंच भिंत लागते, तिची फाटकं अजूनही रात्री बंद होतात. शिन फेनला या दशकाच्या अखेरपर्यंत संयुक्त आयर्लंडचं सार्वमत हवं आहे. ते बोलवायचा अधिकार ब्रिटिश मंत्र्याकडे आहे आणि अजून तरी तसं चिन्ह नाही. ते झालं आणि जिंकलं, तर तुमच्या मुलीला बेलफास्टच्या कॉलेजात जायला व्हिसा लागणार नाही. पण तो लांबचा हिशेब झाला.

पत्नीला कुठल्या गावच्या रुग्णालयाची ऑफर येतेय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा. डब्लिनबाहेर असेल, गॉलवे किंवा लिमरिक, तर भाडं, शाळा आणि तुमच्या ऑफिसचे दिवस यांचा हिशेब सगळाच बदलतो. त्यावर वेगळं लिहीन.